अर्धा अर्धा पाव

आमच्या किनाऱ्यावर वाळूत जर्मनांचे बंकर पडले आहेत. लढाई संपली, जर्मन गेले, काँक्रीट राहिलं. समुद्र दरवर्षी खालची थोडी वाळू ओढून नेतो आणि दरवर्षी एखादा बंकर आणखी थोडा कलतो, बाकावर डुलकी लागलेला म्हातारा कलतो तसा. वर पार्किंगला माझी सॉसेजची टपरी आहे. उन्हाळ्यात पर्यटक येतात, बंकरात शिरतात, नाक दाबत बाहेर पडतात आणि माझ्याकडे रांग लावतात. हिवाळ्यात चिटपाखरू नसतं. मी तरी टपरी उघडते. घरी भिंतींशी काय बोलायचं?

त्या हिवाळ्यात मात्र एक गिऱ्हाईक रोजचं होतं. सिसेल. माझ्या मैत्रिणीची, आस्ताची मुलगी. तिच्या बाप्तिस्म्याला मीच तिला हातावर धरलं होतं, तेव्हापासून मी तिची मावशी. तालुक्याच्या गावी इंजिनियरिंग कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती, आणि शेवटचा प्रकल्प तिने आमच्या बंकरात मांडला होता.

"आभाळातून सारखं काहीतरी पडत असतं, मावशी," ती गरम सॉसेजवर फुंकर मारत सांगायची. "फार बारीक. दिसत नाही, भिजवत नाही. बघ, आत्ता तुझ्या हातातून गेलं."

"कुठे गेलं?"

"खाली. जमिनीत."

"आणि मला काय मिळालं?"

"काही नाही."

"मग आमच्या नगरपालिकेसारखंच की गं ते!"

ती हसायची. हसली की तिचे फुटलेले ओठ ताणले जायचे आणि ती 'आई गं' म्हणायची. वाऱ्याने ओठ फुटलेले, थंडीने बोटं फुटलेली. काळ्या कापडात गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या तिच्याकडे. आभाळातला तो कण आरपार गेला की पट्टी आतल्या आत मिणकन चमकायची आणि जोडलेलं यंत्र तेवढं मोजायचं. एक पट्टी बंकराच्या डोक्यावर, एक पोटात. वर किती पडतं, खाली किती पोचतं, मधल्या काँक्रीटने किती गिळलं. बापाच्या ट्रकची जुनी बॅटरी ती पाठीवर घेऊन वाळूतून जायची, गव्हाचं पोतं गिरणीला न्यावं तशी वाकून. हवेचा दाब वाढला की वरून कमी येतं म्हणायची, म्हणून रोज दाबही टिपायची. मला वाटायचं, आभाळाचं जातं फिरतंय, पीठ झरतंय, आणि ही एकटी पोर खाली ओंजळ धरून बसली आहे.

एकटी म्हटलं, पण प्रकल्प दोघांचा होता. दुसरा एस्किल, तिचा मामेभाऊ. आस्ताच्या भावाचा, व्हिगोचा मुलगा. एस्किलचं वाईट मला बोलवत नाही. उंच, हसरा, हँडबॉलच्या संघाचा लाडका. दारातून आला की खोलीत दिवा लागल्यासारखं व्हायचं. बंकरात तो दोनदा आला. एकदा कॉफीचा थर्मास घेऊन, एकदा मैत्रिणीला बंकर दाखवायला. खोटं कशाला बोलू, यंत्राची एक पेटी त्यानेही जोडली होती, आणि अहवालाचं मुखपृष्ठ त्याने फार सुरेख केलं.

डिसेंबरात सिसेल धावत टपरीवर आली. टोपी नाही, बटणं उघडी.

"मावशी, छताच्या उत्तरेकडून जास्त येतंय! काँक्रीट सगळीकडे सारखं असेल तर असं व्हायला नको."

"मग?"

"आत पोकळी आहे. छताच्या पोटात खोली आहे. कुणालाच माहीत नाही!"

संग्रहालयाची माणसं आली, त्यांनी बारीक भोक पाडून आत कॅमेरा सोडला. होती पोकळी. आत एक मोडकी खुर्ची आणि लोखंडी खाट. न फोडता, न उघडता, नुसतं आभाळाचं पीठ मोजून पोरीने भिंतीच्या पोटातली खुर्ची ओळखली होती. त्या दिवशी मी तिला दोन सॉसेजचे पैसे लावले नाहीत.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमची मुलं बालवाडीपासून सगळं गटात करतात. चित्र गटात, गणित गटात, परीक्षाही गटात. 'हे मी केलं' म्हणणारं पोर आमच्याकडे वाढतच नाही. वाढायला लागलंच, तर जेवणाच्या टेबलावर त्याला छाटतात, कुंपण छाटावं तसं. रागाने नाही, हसत हसत. जानेवारीत तोंडी परीक्षेला प्राध्यापकांनी विचारलं, "यात कुणी काय केलं?" तेव्हा एस्किलने तोंड उघडायच्या आधी सिसेलच म्हणाली, "दोघांनी मिळून." कागदावरही तसंच लिहिलं, समसमान. तिला कुणी सांगितलं नव्हतं. शिंक आल्यावर हात आपोआप तोंडाकडे जातो, तसं ते झालं. दोघांना बारा मिळाले. बाराच्या वर आमच्याकडे गुण नाही.

आणि दुसरी रीत गाण्याची. समारंभ म्हटला की गाणं आलंच. ओळखीची जुनी चाल घ्यायची, तिच्यात घरच्या माणसाचे नवे शब्द भरायचे, छापून एकेक प्रत प्रत्येकाच्या ताटाशी ठेवायची आणि सगळ्यांनी बसून गायची. शेवटी उभं राहून हुर्रे. आमच्या पंचक्रोशीत ही गाणी व्हिगो करतो. लग्नं, बारशी, साठी, निवृत्ती, सगळी त्याच्या ओळींतून जातात. मला गाण्याचा कान आहे म्हणून सांगते, व्हिगोचं यमक कधी लंगडत नाही. आणि गाण्यात आलं की ते खरं झालं. चर्चच्या वहीत खाडाखोड होईल, व्हिगोच्या गाण्यात नाही.

एस्किल इंजिनियर झाला तेव्हा गावाच्या सभागृहात जेवण झालं. डुकराचं भाजलेलं मांस, लाल कोबी, ताटाशी गाणं. सगळ्यांनी गायलं, मीही गायलं:

आभाळाच्या जात्यातून
सांडे चांदण्यांचं पीठ,
बंकरात एस्किलने
मोजलं ते नीट.

सिसेलने ओतली कॉफी
गरम आणि गोड,
बहीण असावी अशी,
जिला नाही तोड.

मी सिसेलकडे पाहिलं. ती गात होती. कॉफीच्या ओळीला तिने हातातला काटा ताटात आडवा ठेवला, एवढंच.

एस्किलला पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरी लागलेली होती. सिसेलला नोकरी नको होती. तिला पूर्वेकडच्या मोठ्या शहरात, विद्यापीठात, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. तिथल्या प्रवेशाच्या अटी तिने छापून स्वयंपाकघरात फ्रिजला चिकटवल्या होत्या. इंजिनियरिंगवाल्यांना सरळ दार नव्हतं. गणित इतकं हवं, विद्युतचुंबकत्व इतकं, पुंजभौतिकी इतकी. जे कॉलेजात नव्हतं ते तिने दोन उन्हाळे घरी बसून शिकून, परीक्षा देऊन पुरं केलं होतं. एकेक अट पुरी झाली की आस्ता त्या ओळीवर बटाट्याच्या पिठाने पांढरं बोट उमटवायची. शेवटची एकच ओळ राहिली होती: अर्जदाराने स्वतः केलेलं प्रायोगिक काम, किमान दहा श्रेयांकांचं. काम जोडीने केलं असेल तर कुणाचा वाटा किती, ते दोघांच्या सहीने.

प्रकल्प पंधरा श्रेयांकांचा. समसमान म्हणजे साडेसात.

सिसेलने विद्यापीठात फोन केला. मी तेव्हा तिथेच बसले होते, बटाटे सोलायला.

"तुमचं सगळं उत्तम आहे," पलीकडची बाई गोड बोलत होती. "फक्त वाट्याचं तेवढं बघा. जोडीदाराची सही आणा, झालं."

"आणि या वर्षी नाही जमलं तर?"

"पुढच्या वर्षीपासून जागा कमी होताहेत. इंजिनियरिंग कॉलेजच्या मुलांसाठी ही शेवटची संधी. अर्ज एक मार्चच्या दुपारी बारापर्यंत हं."

एक मार्चला आस्ता आणि लाउरिट्सच्या लग्नाला पंचवीस वर्षं पुरी होत होती.

सिसेलने एस्किलला माझ्याच टपरीवर बोलावलं. वारा असा होता की मोहरीची बाटली उडत होती. मी आत तव्यावर कांदा परतत होते. ऐकू येत नव्हतं असं कसं म्हणू, टपरीला भिंती त्या किती?

"पाच?" एस्किल कागद बघून म्हणाला. "मला पाच आणि तुला दहा?"

"तुला कमी पडत नाही ना. तुझी पदवी झाली, नोकरी लागली. तुझं काहीच जात नाही."

"माझं काहीच जात नाही म्हणे! इथे लिहिलंय की मी तिसरा हिस्सा केला."

"एस्किल," सिसेल हळूच म्हणाली, "तू किती वेळा आलास तिथे?"

तो हसला. त्याला हसायची सवय होती. "अगं, मोजायचं असतं का असं? तू सगळंच मोजतेस. आभाळ मोजतेस, आता भाऊ मोजायला निघालीस."

"मी नाही मोजत. ते मोजताहेत."

"आणि आपण परीक्षेत काय सांगितलं? दोघांनी मिळून. तू सांगितलंस, मी नाही. आता मी सही करायची की ते खोटं होतं? कॉलेजने माझे बारा काढून घेतले तर?"

"नाही काढणार. मी विचारलंय त्यांना."

"विचारलंस? माझ्या पाठीमागे?" पहिल्यांदाच त्याचं हसू गेलं. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाबांनी गाणं केलंय, सिसेल. सगळ्या गावाने म्हटलंय. माझ्या कंपनीतल्या साहेबांना ते भिंतीवर लावायला दिलंय त्यांनी, फ्रेम करून."

सिसेलने वाऱ्याने पडलेली मोहरीची बाटली उभी केली.

"राहू दे कागद माझ्याकडे," तो म्हणाला. "बघू. लग्नाच्या वाढदिवसाला आणतो."

"सही करून?"

"बघू म्हटलं ना."

आमच्याकडे 'नाही' फार कमी बोलतात. 'बघू' म्हणतात.

घरीही काही वेगळं झालं नाही. आस्ता ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "अगं, पण एवढ्यासाठी भावाच्या घराशी वाकडं घ्यायचं? व्हिगोने तुझ्या आजोबांना दुखण्यात किती सांभाळलं, ठाऊक आहे ना तुला? अर्धं तर मिळालंय."

"अर्ध्याने दार उघडत नाही, आई."

लाउरिट्स मासळीचा ट्रक चालवतो, रोज जर्मनीच्या सीमेपर्यंत. तो कमी बोलतो. त्या कागदाची दुसरी प्रत टेबलावर होती, ती त्याने चष्मा लावून वाचली, उलटी करून मागची कोरी बाजूही पाहिली. "वाटणीपत्र आहे हे," तो म्हणाला. "आम्ही भावाभावांनी जमिनीचं केलं होतं. त्यानंतर नाताळला कुणी कुणाकडे गेलं नाही." आणि चष्मा काढून ठेवला. मुलीच्या बाजूने बोलला की विरुद्ध, ते त्यालाही कळलं नसेल.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की शेजाऱ्यांनी पहाटे दाराला हिरवी कमान लावायची आणि गाणं म्हणत नवरा-बायकोला उठवायचं, हा आमचा मान आहे. आदल्या दिवशी आम्ही बायकांनी माझ्या पडवीत सुरूच्या फांद्या बांधल्या, वर चंदेरी कागदाचा पंचविसाचा आकडा. सकाळी अजून उजाडायचं होतं, समुद्राकडून खारं धुकं येत होतं, आणि आम्ही तीसेक माणसं अंगणात उभी. व्हिगोने सूर दिला. दुसऱ्या कडव्याला वरचा दिवा लागला. आस्ता गाउनवर कोट चढवून दारात आली आणि रडायला लागली. लाउरिट्स मागे, पायात दोन वेगळे मोजे. सगळे हसले. सिसेल बापाच्या मागे उभी होती. ती कमानीखालून बाहेर बघत होती, एकेक चेहरा बघत एस्किलपर्यंत आली आणि तिथेच थांबली. एस्किलने हात हलवला. रिकामा हात.

मग सगळी आत. ताजे पाव, चीज, गोड गुंडाळलेल्या पोळ्या, आणि सकाळीच तो कडूजहर घोट, बारक्या पेल्यात. आमच्याकडे आनंदाच्या दिवसाची सुरुवात कडू दारूने होते. का, ते कुणाला ठाऊक नाही. छापलेलं गाणं खरं तर संध्याकाळच्या जेवणाला असतं. पण व्हिगोला तेवढा धीर कुठला? पहिला पेला रिकामा झाला तशी त्याने काखेतून कागदांचा गठ्ठा काढला.

"दादा, आत्ताच?" आस्ता म्हणाली.

"संध्याकाळचं वेगळं आहे. ही न्याहारी आहे!" तो म्हणाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हिगो प्रेमळ माणूस आहे. त्या गाण्यात त्याने आस्ताच्या पावाला, लाउरिट्सच्या ट्रकला, त्यांच्या मेलेल्या कुत्र्यालाही जागा दिली होती. कुत्र्याच्या कडव्याला लाउरिट्सने नाक शिंकरलं. आणि मग पुढचं कडवं आलं. सगळ्यांनी मान हलवत, ताल धरत म्हटलं:

लाउरिट्सची लेक गुणी,
तिला नाही हाव,
भावासंगे वाटून खाल्ला
अर्धा अर्धा पाव.

व्हिगोने मुद्दाम लिहिलं होतं का? पुष्कळ वेळा मी हे मनात फिरवून पाहिलं. एस्किलने घरी काही सांगितलं असेल, नसेल. पण मला वाटतं, त्याला यमक सापडलं आणि तो खूश झाला. माणूस यमकासाठी काय वाटेल ते लिहितो.

मी त्या ओळीला गप्प राहिले. सिसेलही. गाणं संपलं, सगळे उभे राहायच्या बेतात होते, तेवढ्यात तिने चमचा उचलून पेल्यावर टिणटिण वाजवला. ज्याने पेला वाजवला त्याचं ऐकून घ्यायचं, हीही आमची रीत. सगळे पुन्हा बसले, तोंडं हसरी. मुलगी आईबापांबद्दल चार शब्द बोलणार.

ती उठली. अंगावर निळा स्वेटर, बोटांच्या भेगांना अजून चिकटपट्ट्या.

"आई, बाबा, तुम्ही मला कधी खोटं बोलायला शिकवलं नाहीत," ती म्हणाली. आस्ताने डोळ्यांना रुमाल लावला. "परीक्षेत मी खोटं बोलले. आपल्यात तसंच बोलतात म्हणून बोलले. बंकरातलं काम मी केलं. बॅटरी मी वाहिली, मोजलं मी, पोकळी मी शोधली. एस्किलने एक पेटी जोडली आणि मुखपृष्ठ केलं. मुखपृष्ठ छान आहे. मला पुढे शिकायचं आहे आणि त्यासाठी हे खरं खरं लिहिलेल्या कागदावर त्याची सही लागते. आज दुपारपर्यंत. मामा, तुमचं गाणं सुंदर आहे. पण पाव अर्धा नव्हता."



मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. लाउरिट्सने तोंड उघडलंही. त्याची मान लाल झाली होती, हात टेबलाच्या कडेला. पण व्हिगो त्याच्याआधी उभा राहिला, पेला उंच धरून, डोळ्यांत खरोखरचं पाणी.

"वा! याला म्हणतात बहीण! सगळ्यांसमोर भावाच्या मुखपृष्ठाचं कौतुक! चला, दोघांसाठी! आपल्या दोन्ही गुणी पोरांसाठी!"

आणि तीस माणसं सुटका झाल्यासारखी धडाधड उभी राहिली. हुर्रे! हुर्रे! हुर्रे! शेवटचा लांब, छपराला भिडणारा. त्या आरोळ्यांत मी सिसेलला पाहिलं. ती अजून उभीच होती, चमचा हातात, आणि सगळे तिच्यासाठी ओरडत होते.

एस्किल ताटातला पाव कुस्करत होता. हुर्रे संपल्यावर तो उठून अंगणात गेला. सिसेल मागोमाग गेली, हातात पेन. मी कोट घेऊन तिच्या मागे गेले, पोर तशीच बाहेर पडली होती म्हणून.

"दे," ती म्हणाली. "कागद दे. आण आणि सही कर. मी कुणाला काही म्हणणार नाही पुन्हा."

कागद त्याच्या खिशात होता. चार घड्या घातलेला. त्याने तो काढलाही, आणि धरून उभा राहिला.

"मी करणार होतो," तो म्हणाला. "देवाशपथ, न्याहारी झाली की करणार होतो. पेनसुद्धा आणलं होतं. आणि तू सगळ्यांसमोर माझे कपडे काढलेस."

"मग आता कर."

"आता केली तर काय दिसेल? की तू बोललीस म्हणून घाबरून केली. की हा आजवर चोर होता." त्याने कागद परत खिशात घातला. "तू दोन तास थांबली असतीस तर?"

"तू एक महिना थांबवलंस."

"स्वतःला काय समजतेस गं तू?" तो म्हणाला. ओरडला नाही. आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं वाक्य, तेही त्याने जवळजवळ मायेने म्हटलं. मग तो कमानीखालून आत गेला. सुरूची एक फांदी सुटून लोंबत होती, ती त्याने जाता जाता नीट खोचली.

मी सिसेलच्या खांद्यावर कोट टाकला. आत पुन्हा गाणं सुरू झालं होतं.

"त्याची सही तूच मार ना," मी म्हटलं. खरंच म्हटलं. "कोण बघतंय?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली वाळूकडे बघायला लागले.

अर्ज तिने माझ्या टपरीत बसून पाठवला, फोनवरून, बाराच्या आत. वाट्याच्या रकान्यात जे कॉलेजच्या कागदावर होतं तेच भरलं. साडेसात. पाठवून झाल्यावर म्हणाली, "एक सॉसेज दे, मावशी. कांदा जास्त घाल." आणि खाताना डोळ्यांतून पाणी आलं तर कांद्यावर ढकलता येईल, एवढा कांदा मी घातला.

उत्तर जूनमध्ये आलं. सभ्य, गोड उत्तर. आपल्या गुणवत्तेविषयी समितीला शंका नाही. विशेषतः बंकरातल्या पोकळीचा शोध समितीच्या सदस्यांनी आवडीने वाचला. परंतु स्वतः केलेल्या कामाची अट पुरी होत नसल्याने प्रवेश देता येत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा. आस्ताने ते वाचलं आणि फ्रिजवरचा अटींचा कागद काढायला गेली. चिकटपट्टी निघेना. नखाने खरवडत बसली बिचारी. लाउरिट्स ट्रक धुवायला बाहेर गेला, धुतलेलाच होता तरी.

व्हिगोकडून कार्ड आलं, दोन ओळींचं, यमकात. मी ते इथे देत नाही.

सिसेल आता दुधाच्या कारखान्यात तपासणीला आहे. नळीत दूध घ्यायचं, चरबी मोजायची, पुढची नळी. शनिवारी ती माझ्या टपरीवर मदतीला येते. बंकराकडे बघत नाही. तिचा तो बंकर या हिवाळ्यात आणखी कलला. पाणी आता त्याच्या दारात येतं.

गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी एस्किल आला. कंपनीचं जाकीट, नवी गाडी. जरा रेंगाळला, एक पर्यटक बाई गेली तेव्हा पुढे झाला.

"हे घे," म्हणाला, आणि चार घड्यांचा तो कागद फळीवर ठेवला. उघडला तर खाली सही. दहा आणि पाच. "केव्हाच करून ठेवली होती. आणायचं राहून जायचं."

सिसेलने सही पाहिली. "आता याचं काही होत नाही, एस्किल. दार बंद झालं."

"हो, पण... तुझ्याकडे असू दे. खरं ते खरं." तो कानामागे खाजवू लागला. "आणि ऐक ना. एक काम होतं. आमच्याकडे शाळेची मुलं येणार आहेत सोमवारी. साहेबांनी भिंतीवरचं गाणं वाचलंय ना, ते म्हणाले, तूच सांग मुलांना, आभाळातून पडतं ते काय, आणि भिंत न फोडता खोली कशी शोधली. मी बसलो लिहायला, तर... पोकळी असली तर जास्त येतं की कमी?"

मी तव्यावरून चिमटा उचलला. खरं सांगते, मारायलाच उचलला होता.

सिसेलने हात पुसले. "जास्त," ती म्हणाली. "वाटेत अडवायला कमी असतं ना, म्हणून जास्त पोचतं." तिने इकडे तिकडे पाहिलं. टपरीत तेलकट कागदाशिवाय काही नव्हतं. मग तिने तोच कागद पालथा केला, कोऱ्या बाजूवर बंकर काढला, छताच्या पोटात चौकोन काढला, वरून बारीक बारीक रेघा सोडल्या. काही रेघा काँक्रीटमध्ये थांबल्या, काही चौकोनातून खाली उतरल्या. ती हळूहळू सांगत होती, मागे मला सांगायची तशीच, आणि सांगता सांगता तिचा आवाज पूर्वीसारखा व्हायला लागला. मला ते ऐकवेना. मी कांदा चिरायला घेतला.

"वर आणि खाली, दोन्हीकडे मोजायचं," ती म्हणाली. "आणि मुलांना सांग, आत्ता तुमच्या हातातून जातंय. मुलांना ते आवडतं."

"कळलं," एस्किल म्हणाला. "तुला सांगायचं छान जमतं." त्याने फळीवरच्या कागदाकडे पाहिलं. "हा... नेऊ का मी? चित्र आहे म्हणून."

"ने," सिसेल म्हणाली.

त्याने कागदाच्या पुन्हा चार घड्या घातल्या, सही आत, चित्र बाहेर, आणि जाकिटाच्या खिशात ठेवला. जाताना एक सॉसेज घेतलं. पैसे द्यायला लागला तेव्हा सिसेलने माझ्याकडे न बघताच किंमत सांगितली, पूर्ण.